दुष्काळी भागात पाण्याचा हक्क कसा मागायचा: शेती किंवा गावकारभार नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

वडिलांच्या माघारी शेती अंगावर आलेले, शहरातली नोकरी सोडून गावाकडे जमीन घेतलेले, किंवा पहिल्यांदाच ग्रामपंचायतीवर निवडून आलेले, अशांसाठी हा लेख आहे. मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला: माण, खटाव, जत, आटपाडी, सांगोला, करमाळा, पाथर्डी, आष्टी आणि पुढे सगळा मराठवाडा. इथं पाऊस कमी पडतो हे कुणाला सांगावं लागत नाही. पण पडलेल्या आणि साठलेल्या पाण्यावर कायद्याने आपला काय हक्क आहे, तो कुणाकडे, कधी आणि कोणत्या कागदावर मागायचा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांच्या शेतात पाणी पोचतं आणि बाकीचे नशिबाला बोल लावत बसतात. हे बदलायला हवं, आणि त्यासाठी वकील लागत नाही.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. महाराष्ट्रात धरणाचं किंवा नदीचं पाणी कुणाच्याही मालकीचं होत नाही, मिळतो तो वापराचा हक्क. हा हक्क हंगामाचा असतो, मोजून असतो आणि बहुतेक वेळा मागितल्याशिवाय मिळत नाही.

आपलं पाणी कोणतं, ते आधी ठरवा

‘पाण्याचं काय करायचं?’ असं विचारत तहसील कचेरीत गेलात तर चार टेबलं फिरून रिकाम्या हाताने परत याल, कारण प्रत्येक पाण्याचं दार वेगळं आहे. कालव्याचं आणि धरणाचं पाणी जलसंपदा विभागाकडे, म्हणजे लोक ज्याला अजून पाटबंधारे खातं म्हणतात त्याच्याकडे. नदी-नाल्यावर मोटर टाकून उचलायचं असेल तर परवानगी त्याच खात्याची, पण अर्ज निराळा. विहीर आणि बोअरचं पाणी भूजल कायद्याखाली येतं. प्यायचं पाणी ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्याकडे, आणि टंचाई आली की त्यात तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी येतात.

एकाच शेताला दोन-तीन प्रकारचं पाणी असू शकतं. तसं असेल तर प्रत्येकाची फाईल वेगळी ठेवा.

सातबारा नीट वाचा, विशेषतः ‘इतर हक्क’

विहीर किंवा बोअर सातबारावर ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंदलेली आहे का ते पाहा. नसेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या आणि ई-पीक पाहणी करताना सिंचनाचं साधन बरोबर नोंदवा. पुढे भरपाई असो, वीजजोड असो की विहीर अधिग्रहणाचे पैसे, सगळीकडे हीच नोंद विचारतात.

जमीन विकत घेणारे सर्वात जास्त फसतात ते सामाईक विहिरीत. ‘विहिरीत चार आणे हिस्सा आहे’ असं तोंडी सांगितलं जातं, खरेदीखतात मात्र एक अक्षर नसतं. हिस्सा किती, पाळी आठवड्यातून कोणत्या दिवशी आणि किती तासांची, मोटर कुणाची, पाइपलाइन कुणाच्या बांधावरून जाते, विहिरीकडे जायची वाट कुठली, हे सगळं खरेदीखतात लिहून घ्या. भावकीत वाटप होतानाही हेच करा. जमिनीच्या वाटण्या इंच-इंच मोजून होतात आणि पाण्याची पाळी ‘आपसात बघू’वर सोडली जाते. त्या आपसात बघण्यातून पुढच्या पिढीत डोकी फुटतात.

कालव्याचं पाणी: तारखा पाठ करा

पाटबंधारे खात्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. खरीप १ जुलै ते १४ ऑक्टोबर, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. सगळा व्यवहार या तीन हंगामांवर चालतो.

प्रत्येक हंगामाआधी खातं जाहीर प्रकटन काढतं: अमुक धरणात इतकं पाणी आहे, इतकी आवर्तनं (कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळ्या) द्यायचा विचार आहे, अमुक तारखेपर्यंत पाणी अर्ज भरा. अर्ज नमुना क्रमांक ७ वर भरायचा असतो. तो भरण्याआधी चार गोष्टी तपासा. आपला गट लाभक्षेत्रात (कालव्याचं पाणी मिळणाऱ्या क्षेत्रात) आहे का, मागची पाणीपट्टी थकलेली तर नाही ना, शेतचारी (शेतापर्यंत पाणी आणणारा छोटा पाट) साफ आहे का, आणि अर्जात लिहिलेलं पीक खरोखरच घेणार आहात ना. थकबाकीवर अर्ज अडतो आणि नामंजूर अर्जावर घेतलेलं पाणी अनधिकृत धरून दंडाची आकारणी होते. अर्ज दिला की पोच घ्या. पाटकरी (चारीवर पाणी सोडणारा खात्याचा माणूस) ओळखीचा आहे, तो बघून घेईल, या भरवशावर राहू नका. पाटकरी बदलतो, पोच राहते.

आता शेजपाळी. मंजूर अर्जांवरून कुणाला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी, याची यादी तयार होते, तीच शेजपाळी. पुच्छाकडून शीर्षाकडे, म्हणजे टेलच्या (चारीच्या शेवटच्या) शेतकऱ्याला आधी आणि हेडच्या (चारीच्या तोंडाशी असलेल्या) शेतकऱ्याला नंतर पाणी द्यायचं, हा यातला जुना आणि न्यायाचा नियम आहे. टेलला पाणी पोचलं तर मधल्या सगळ्यांना ते पोचणारच. प्रत्यक्षात उलटं होतं: हेडला ऊस डुलतो आणि टेलची ज्वारी करपते. तुमचं शेत टेलला असेल तर शेजपाळीची प्रत शाखा कार्यालयातून मागून घ्या आणि आपल्या चारीवरच्या सगळ्यांना वाचून दाखवा. यादी सगळ्यांना माहीत असली की रात्री गेट उचलणाऱ्याला विचारणारे दहा जण असतात.

आवर्तनं किती आणि कधी, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यानंतर, धरणातला साठा स्पष्ट झाला की तिची बैठक होते. पालकमंत्री, आमदार, अधिकारी, शेतकरी प्रतिनिधी तिथं असतात. बैठकीआधी आपल्या गावाचं लेखी निवेदन कार्यकारी अभियंत्याकडे पोचवा. बैठक झाल्यावर केलेल्या आंदोलनापेक्षा आधी दिलेला एक कागद जास्त उपयोगी पडतो.

आकड्यांची भाषाही शिकून घ्या, नाहीतर वर्तमानपत्रातली बातमी कळत नाही. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर). क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. धरणाचा एकूण साठा आणि उपयुक्त साठा वेगळा असतो. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, पण त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दाराखाली राहणारं पाणी आहे. म्हणून ‘उजनी शून्य टक्के’ म्हटलं तरी धरणात पाणी दिसतं आणि उणे टक्क्यांची बातमी येते. गोदावरीवरच्या जायकवाडीत उपयुक्त साठा २१७१ दलघमी आणि मृतसाठा ७३८ दलघमी. हिशेब नेहमी उपयुक्त साठ्याचा मांडायचा.

एकट्याने मागू नका: पाणी वापर संस्था

२००५ मध्ये महाराष्ट्राने दोन मोठे कायदे केले. त्यातला एक, सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, सामान्य शेतकऱ्याच्या हातात सर्वात जास्त ताकद देणारा आहे असं माझं ठाम मत आहे. आणि गावात सर्वात कमी वाचला गेलेला कायदाही तोच.

त्याचा गाभा असा. एका लघुवितरिकेवरचे, म्हणजे कालव्याच्या एका छोट्या फाट्यावरचे, सगळे भूधारक मिळून एक पाणी वापर संस्था. खातं संस्थेला घनमापनाने, म्हणजे मोजून पाणी देतं आणि तेवढ्याचीच पाणीपट्टी घेतं. आतलं वाटप संस्थेने करायचं. आपल्या वाट्याच्या पाण्यात कोणतं पीक घ्यायचं हे शेतकरी ठरवतो. संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल तिन्ही भागांतून प्रतिनिधी असतात, महिलांसाठी राखीव जागा असतात. एकदा संस्थेकडे क्षेत्र हस्तांतरित झालं की खातं त्या भागात वैयक्तिक शेतकऱ्याला परस्पर पाणी देत नाही, संस्थेमार्फतच देतं.

म्हणून कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात विचारायचे प्रश्न हे: आमच्या चारीवर संस्था आहे का? ती चालू आहे की कागदावरच आहे? सभासद यादीत माझं नाव आहे का? शेवटची निवडणूक कधी झाली? मोजमापाचं साधन जागेवर आहे की मोडलंय?

संस्था नव्याने करायची असेल तर एका जागी चूक होऊ देऊ नका. हस्तांतर करण्याआधी खात्याचे अभियंते आणि शेतकरी यांनी चारीवरून मिळून चालत संयुक्त पाहणी करायची असते. फुटलेलं अस्तरीकरण, गेलेली गेट, गाळ, वाढलेली बाभळ, सगळं यादीत लिहायचं आणि दुरुस्ती झाल्यावरच ताबा घ्यायचा. मोडकी चारी ताब्यात घेतलेल्या संस्था दोन-तीन हंगामांत बंद पडतात. दुरुस्तीला पैसे नाहीत, पाणी पोचत नाही, पट्टी वसूल होत नाही, आणि दोष शेतकऱ्यांच्या माथी.

हे जमतं का? जमतं. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी टेलपासून सुरुवात करून पुढे सगळ्या प्रकल्पाचं पाणीवाटप हाती घेतलं. त्यामागे ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचं आणि बापूसाहेब उपाध्ये यांचं काम होतं.

त्याहीआधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही डोळे उघडणारे आहेत. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरत नव्हता, घरातल्या माणसांवर ठरत होता: माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. सरकारी कायद्याने हे पूर्ण स्वीकारलेलं नाही, हक्क अजून जमिनीलाच चिकटलेला आहे. मला हे खटकतं. दुष्काळी गावात पाच एकरवाल्याची तहान अर्ध्या एकरवाल्याच्या दसपट नसते.

वरच्यांनी अडवलं तर

२००५ चा दुसरा कायदा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. ठोक पाणीदर ठरवणं, पाणीवापराचे हक्क निश्चित करणं आणि वाद मिटवणं ही या प्राधिकरणाची कामं. कलम १२(६)(ग) लक्षात ठेवा. तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या किंवा उपखोऱ्यातल्या सगळ्या धरणांमध्ये ऑक्टोबरअखेर वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहावी, असं हे कलम सांगतं. म्हणजे वरची धरणं काठोकाठ आणि खालचं कोरडं, हे कायद्याला मंजूर नाही.

जायकवाडीचा वाद याच कलमावर उभा राहिला. नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचं यासाठी मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये सूत्र दिलं, २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. तरीही तुटीचं वर्ष आलं की पाणी सोडण्यावरून रस्त्यावर भांडण होतंच. खालच्या गावांनी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच वरच्या धरणांचे साठे मांडून निवेदन द्यावं. दिवाळीपर्यंत थांबलं तर सोडलेलं पाणी कोरडं पात्र आणि बाष्पीभवन खाऊन टाकतात.

प्राधान्यक्रमही माहीत असू द्या. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग होता आणि शेती त्याच्या मागे. मोठ्या विरोधानंतर २०११ मध्ये हा क्रम बदलला: आधी पिणं, मग शेती, मग उद्योग. तुमच्या तलावातलं पाणी एखाद्या कारखान्याकडे वळताना दिसलं तर या क्रमाचा उल्लेख निवेदनात जरूर करा.

विहीर आणि बोअर: खाली खडक आहे, समुद्र नाही

‘माझ्या जमिनीखालचं पाणी माझं’ या समजुतीला १८८२ च्या सुखाधिकार कायद्याचा आधार आहे, ती हवेतून आलेली नाही. पण खाली काळा पाषाण आहे. राज्याचा बहुतांश भाग या बेसॉल्टवर वसलेला आहे आणि पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. तुम्ही आठशे फूट गेलात तर शेजाऱ्याची साठ फुटांची विहीर आटते, आणि तुम्हालाही दोन उन्हाळ्यांपलीकडे काही मिळत नाही.

म्हणूनच राज्याने भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ केला, तो १ जून २०१४ पासून लागू आहे. ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट किंवा त्याहून खोल विहिरीला हा कायदा ‘खोल विहीर’ म्हणतो आणि तिच्यावर बंधनं घालतो. अधिसूचित क्षेत्रात ही बंधनं आणखी कडक आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून, म्हणजे गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीसारख्या स्रोतापासून, ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. बोअर मारणाऱ्या यंत्राचीही नोंदणी लागते. टंचाईत आजूबाजूच्या विहिरींचा उपसा थांबवण्याचे अधिकार प्रशासनाला आहेत.

बोअर मारायच्या आधी ग्रामपंचायतीत विचारा की गावाच्या नळयोजनेची विहीर आपल्या गटापासून किती अंतरावर आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय असतं. आपलं पाणलोट अतिशोषित आहे की सुरक्षित, निरीक्षण विहिरीची पातळी किती खाली गेलीय, ते तिथं कळतं. नारळ आणि काठी घेऊन पाणी दाखवणाऱ्याला पैसे देण्याआधी तिथं जा.

शेततळ्याबद्दलही सांगायला हवं. पावसाचं वाहतं पाणी अडवायला शेततळं असतं. बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात भरायचं, म्हणजे सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या ताब्यात घ्यायचं आणि वर उन्हाला द्यायचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअरवर बंदी घातली, उसासारख्या पिकांना दूर ठेवलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचं ते ठरवलं. कायद्याचा बडगा न येताही ग्रामसभा हे करू शकते. तुमच्या ग्रामसभेत ऑक्टोबरमध्ये हा विषय घ्यायला लावा.

शेजाऱ्याच्या रानातून पाइपलाइन

पाणी आहे, पण मधे दुसऱ्याचं रान आहे आणि तो पाइप टाकू देत नाही. आधी माणसाशी बोला, चहा घेऊन बोला. नाहीच जमलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तो दोघांचं ऐकून कमीत कमी नुकसान होईल अशी जागा आणि भरपाई ठरवून परवानगी देऊ शकतो. आणि पूर्वापार चालत आलेला पाट कुणी बुजवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा लावा. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत चुकवू नका.

प्यायचं पाणी आणि टँकर

जलजीवन मिशनखाली माणशी दररोज ५५ लिटर नळाने द्यायचं धोरण आहे. टंचाईत ग्रामीण भागात टँकरचं प्रमाण माणशी २० लिटरपर्यंत खाली येतं. जनावरांचं पाणी यात धरलेलं नसतं, त्याची मागणी वेगळी लिहा.

टँकर हा टंचाईच्या उपायांतला अगदी शेवटचा. त्याआधी विहिरीचा गाळ काढणं, ती खोल करणं, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, विंधन विहिरींची दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना आणि खासगी विहिरीचं अधिग्रहण हे उपाय येतात. जिल्ह्याचा टंचाई आराखडा हिवाळ्याच्या तोंडावर तयार होतो. गावाचं नाव आणि उपाय त्यात बसवायचे तर ग्रामपंचायतीचा ठराव तेव्हाच पंचायत समितीकडे जायला हवा. टँकरचा ठराव आला की गटविकास अधिकारी आणि तहसीलदार संयुक्त पाहणी करतात, मग मंजुरी. वाड्या-वस्त्यांची लोकसंख्या ठरावात स्वतंत्र लिहा. बहुतेक तक्रारी ‘टँकर गावात येतो, वस्तीवर येत नाही’ याच्याच असतात. खेपांची नोंदवही टँकरबरोबर असते. खेप आली नाही त्या दिवसाची सही कुणी मागितली तरी करायची नाही.

गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या नावापुरत्या आहेत की बैठकीला खरंच येतात ते पाहा. हंड्याचं ओझं ज्या वाहतात त्यांना कोणत्या नळाला किती मिनिटं पाणी येतं हे बरोबर माहीत असतं, आणि तक्रारीत तोच तपशील लागतो.

तक्रार कुठे

कालव्याची तक्रार आधी शाखा अभियंत्याकडे, मग उपविभागाकडे, मग कार्यकारी अभियंत्याकडे, प्रत्येक वेळी लेखी आणि पोच घेऊन. प्रश्न हक्काच्या वाट्याचा असेल तर प्राधिकरणाच्या कायद्याखाली प्राथमिक विवाद निवारण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे जाता येतं आणि त्यावर प्राधिकरणाकडे अपील. भूजलाची तक्रार तहसीलदाराकडे आणि भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे, पाण्याच्या उद्भवापासूनचं अंतर नकाशावर दाखवून.

माहिती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं. त्यात ‘आमच्यावर अन्याय का?’ असं विचारू नका, कागद मागा: मागच्या तीन हंगामांची शेजपाळी, लघुवितरिकेच्या मुखाशी नोंदलेला विसर्ग, मंजूर आणि नामंजूर पाणी अर्जांची यादी, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. मुखाशी सोडलेलं पाणी आणि टेलला पोचलेलं पाणी यांचा फरक त्या कागदांत दिसतो, आणि पुढच्या बैठकीला तोच घेऊन जायचं. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.